‘काम म्हटलं की हात दुखणारच’ या समजुतीचा प्रतिवाद

कामाने हाताला मुंग्या येणे, बोटे आखडणे, मनगट, कोपर आणि बोटांचे सांधे दुखणे ही कष्टकरी वस्त्यांतली रोजची दुखणी आहेत. दवाखान्याच्या नोंदीत मात्र ती क्वचितच उतरतात. विरार पूर्वेला पापडखिंड धरणाच्या बाजूचा फुलपाडा ही अशीच एक वस्ती. इथली माणसे वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे भागातल्या गाळ्यांत पॅकिंगला आणि मोल्डिंगला जातात. कुणी इमारतींच्या कामावर सळ्या बांधतो, लादी कापतो, ब्रेकर चालवतो. बायका चार-पाच घरची धुणीभांडी करतात, काही जणी घरीच नगावर काम घेतात. या सगळ्यांच्या दुखण्याला मुकादम, शेजारी, घरातली वडील माणसे आणि कधीकधी डॉक्टरही एकच उत्तर देतात : ‘काम म्हटलं की हात दुखणारच.’ ऐकायला हे शहाणपण वाटते, पण शरीरशास्त्राच्या, अनुभवाच्या आणि न्यायाच्या कसोटीवर ते टिकत नाही. शिवाय त्यामुळे माणसांचे हात कायमचे अधू होतात.

हे दुखणे असते कुठे, हे आधी पाहायला हवे. मनगटाच्या आतल्या बाजूला लहान हाडांची एक कमान असते आणि तिच्यावर एक जाड, न ताणणारा पट्टा असतो. या दोहोंच्या मधल्या अरुंद बोगद्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. हा मज्जातंतू अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना संवेदना देतो. त्याच त्याच हालचालीने कंडरांभोवतीचे आवरण जाड झाले की बोगद्यात जागा उरत नाही आणि मज्जातंतू चेपला जातो. 1981 मध्ये गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी या बोगद्यातला दाब प्रत्यक्ष मोजला. निरोगी माणसाचे मनगट सरळ असताना तो पाऱ्याच्या अडीच मिलिमीटरच्या आसपास होता, तर मुंग्यांचा त्रास असलेल्यांत सरासरी 32. त्यांनी मनगट पुढे वाकवले की तो 90 च्या वर गेला, मागे वाकवले की 110 पर्यंत. झोपेत मनगट नकळत दुमडले जाते. म्हणून या दुखण्यात माणूस मध्यरात्री जागा होतो, हात झटकतो, खाटेखाली लोंबकळत ठेवतो, तेव्हा कुठे बरे वाटते. ‘रात्री हात मरतो’ असे सांगणारी बाई आपल्या आजाराचे अगदी अचूक लक्षण सांगत असते. ऐकणाऱ्याने फक्त कोणती बोटे, एवढे विचारायचे असते.

कारण बोटांवरूनच जागा कळते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर दोष मनगटातल्या त्या बोगद्यात नसतो. तिथे कोपराच्या आतल्या हाडामागून जाणारा दुसरा मज्जातंतू दाबला जात असतो. कठीण ओट्यावर किंवा टेबलाच्या कडेवर तासन्‌तास कोपर टेकवून काम करणाऱ्यांत हे दिसते. मानेपासून हातापर्यंत कळ येत असेल तर मान तपासावी लागते. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दुखत असेल, अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवताच जीव कळवळत असेल, तर मज्जातंतूचा प्रश्न नसतो. तिथे अंगठ्याच्या कंडरांचे आवरण सुजलेले असते. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्व्हें यांनी 1895 मध्ये या आजाराचे वर्णन केले. ओले कपडे पिळणाऱ्या आणि तान्हे मूल सतत उचलणाऱ्या बायकांत तो फार दिसतो. मिटलेले बोट उघडताना खटकन अडकत असेल तर तो आणखी वेगळा आजार. या सगळ्यांवर ‘हात दुखतो’ असे एकच नाव घालणे म्हणजे उपचाराची वाट पहिल्याच पायरीवर बंद करणे होय.

आता ‘वाताचे आहे’ आणि ‘वयाचे आहे’ या उत्तरांकडे वळू. वय वाढले की सांधे झिजतात, अंगठ्याच्या मुळाचा सांधा तर हमखास, हे खरे. पण पंचविशीतल्या सळई बांधणाऱ्या फिटरच्या बोटांना मुंग्या येतात त्याला वय कसे कारण होईल? तो दिवसभर आकड्याने बाइंडिंग वायर पिळतो आणि प्रत्येक गाठीला मनगट जोर लावून फिरवतो. त्याच वयाच्या, दुकानात बसणाऱ्या भावाला ही तक्रार नसते. दोघांतला फरक वयाचा नाही, मनगट किती वेळा आणि किती जोराने फिरते त्याचा आहे. वाताचे म्हणावे तर खरा संधिवात कामाने होत नाही आणि दुर्लक्ष केल्याने थांबतही नाही. दोन्ही हातांची बोटांच्या पेरांजवळची सूज आणि सकाळी उठल्यावर तासाहून अधिक टिकणारी आखड ही त्याची खूण. त्याला लवकर आणि सलग औषध लागते. ‘वाताचे’ हा शब्द दोन्हीकडे नुकसान करतो. कामाने झालेले दुखणे त्याच्याआड लपते आणि खरा संधिवात कामाच्या खात्यावर टाकला जातो.

कामाचा संबंध नाकारण्याला वैद्यकातही परंपरा आहे, आणि तिचा प्रतिवाद करणे अधिक आवश्यक आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे शल्यचिकित्सक जॉर्ज फॅलन यांनी 1950 च्या दशकात मनगटाच्या या आजाराकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले. त्यांच्या नावाची चाचणी आजही सर्वत्र केली जाते. पण त्यांनी काम हे मुख्य कारण मानले नाही. त्यांच्या रुग्णांत मध्यमवयीन गृहिणी मोठ्या संख्येने होत्या, आणि गृहिणी म्हणजे श्रमाचे काम न करणारी स्त्री असे धरून हा निष्कर्ष निघाला होता. कपडे घासणे, पिळणे, भांडी घासणे, पीठ मळणे, भाकऱ्या थापणे, लादी पुसणे हे ज्याला श्रम वाटत नाहीत त्याला असेच दिसणार. ही चूक मोठ्या माणसाची आहे म्हणून ती लहान होत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा हात बधिर झाला तर ‘बायकांना होतंच’ असे म्हणून तिला परत पाठवणारे आजही तीच चूक करतात. गरोदरपण, थायरॉइडची कमतरता, मधुमेह आणि वाढलेले वजन यांमुळे हा धोका वाढतो, हे निश्चित. पण ज्या शरीरात धोका आधीच जास्त आहे त्याच शरीरावर दुप्पट काम टाकले तर कारण कोणते म्हणायचे?

1987 मध्ये बार्बरा सिल्व्हरस्टाइन आणि सहकाऱ्यांनी सात कारखान्यांतल्या 39 प्रकारच्या कामांवरचे 652 कामगार तपासले. ज्या कामांत जोर कमी आणि हालचालींची पुनरावृत्तीही कमी होती, तिथे मनगटाचा हा आजार 0.6 टक्के कामगारांत आढळला. जोर जास्त आणि पुनरावृत्तीही जास्त असलेल्या कामांत तो 5.6 टक्के निघाला. वय, लिंग वगैरे हिशेबात घेतल्यावर दुसऱ्या गटाचा धोका पंधरा पटींहून अधिक ठरला. अर्ध्या मिनिटाच्या आत पूर्ण होऊन पुन्हा सुरू होणारे काम त्यांनी जास्त पुनरावृत्तीचे मानले होते. गाळ्यातले पॅकिंग, लेबल चिकटवणे, मोल्डिंगच्या नगाची कड कापणे ही कामे बहुधा काही सेकंदांतच संपतात आणि पुन्हा सुरू होतात.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो : शेजारच्या मशीनवरच्याला काही होत नाही, मग यालाच का? वरच्या आकड्यांत त्याचे उत्तर आहे. जड कामातसुद्धा बहुतेकांना हा आजार होत नाही. पण एखाद्याला होत नाही म्हणून ज्याला झाला त्याला तो कामाने झाला नाही, असे सिद्ध होत नाही. दगडाच्या खाणीत धूळ खाणाऱ्या प्रत्येकाला सिलिकोसिस होत नाही, म्हणून सिलिकोसिस धुळीने होत नाही असे आज कोणी म्हणत नाही. शिवाय ज्यांना त्रास झाला ते काम सोडून गेलेले असतात. मशीनवर जे दिसतात ते टिकून राहिलेले असतात.

‘सवय होते’ हा समज तर सर्वांत घातक. स्नायूंना सवय होते, त्वचेला घट्टे पडतात, पण चेपल्या जाणाऱ्या मज्जातंतूला सवय होत नाही. पहिल्या काळात मुंग्या येतात आणि जातात. मग त्या टिकून राहतात. मग बटण लावताना, सुईत दोरा ओवताना, नाणी मोजताना बोटांना काही कळेनासे होते. शेवटी अंगठ्याच्या मुळाचा फुगीर भाग खपाटीला जातो. या टप्प्यावर मुंग्या कमी होऊ शकतात, कारण संवेदनाच मंदावलेली असते, आणि रुग्ण ‘आता बरं आहे’ असे सांगतो. तेव्हा शस्त्रक्रियेने दाब काढला तरी आटलेला स्नायू पुरता परत येईल याची खात्री देता येत नाही. सवय झाली असे ज्याला वाटते, त्याचा मज्जातंतू बहुधा हरलेला असतो.

कंपनाच्या यंत्रांबाबत तेच. अॅलिस हॅमिल्टन यांनी 1918 मध्ये अमेरिकेतल्या बेडफर्डच्या चुनखडी खाणींत हवेच्या हातोड्यांवर काम करणारे दगडफोडे तपासले, तेव्हा थंडीत त्यांची बोटे पांढरी पडून बधिर होत होती. आपल्याकडच्या उष्ण हवेत बोटे पांढरी पडलेली फारशी दिसत नाहीत. म्हणून त्रास नाही असे समजले जाते, पण बधिरपणा, मुंग्या आणि पकड सैल होणे इथेही येते. ब्रेकर, ड्रिल, ग्राइंडर यांचे कंपन हाताच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्हींना इजा करते. युरोपीय संघाने 2002 मध्ये हाताला बसणाऱ्या कंपनाची आठ तासांच्या दिवसासाठीची कमाल मर्यादा 5 मीटर प्रति वर्गसेकंद ठरवली, आणि 2.5 ओलांडले की मालकाने उपाय करायचे असे बंधन घातले. ब्रेकरच्या संथ आणि जोरदार कंपनाला जाड हातमोजे फारसे अडवत नाहीत, त्यामुळे ‘मोजे दिले आहेत’ हे उत्तर पुरत नाही. यंत्र एकाच माणसाच्या हातात दिवसभर राहू नये, हेच खरे संरक्षण.

आता तेल, बाम आणि गोळी. गरम तेलाने चोळल्यावर स्नायूंना आराम वाटतो आणि त्यात गैर काही नाही. पण बोगद्यातला दाब बाहेरून चोळून उतरत नाही. सुजलेली कंडरा जोराने रगडली तर दुखणे वाढते, आणि हाडवैद्याकडे मनगट झटका देऊन ‘बसवून’ घेण्याने बोगदा मोठा होत नाही. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या चार-पाच दिवस घेणे वेगळे आणि महिनोन्‌महिने चहाबरोबर घेऊन कामावर निघणे वेगळे. अशाने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात, विशेषतः उन्हातान्हात घाम गाळणाऱ्याची. निनावी पुडीत किंवा ‘ताकदीच्या’ सुईत स्टेरॉइड असते तेव्हा दुसऱ्या दिवशी जादू झाल्यासारखे वाटते. वर्षभरात मात्र रक्तदाब आणि साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. जाणत्या डॉक्टरने मोजून, थेट त्या जागी दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन हा खरा उपचार आहे. दोन्हींना एकच समजू नये.

पेटक्यांचे गणित वेगळे. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात घामाच्या धारा लागतात तेव्हा शरीरातले मीठ निघून जाते आणि थकलेल्या स्नायूंना पेटके येतात. नुसते पाणी ढोसल्याने मीठ भरून निघत नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले पेय, किंवा मीठ घातलेले ताक आणि लिंबू सरबत, इथे उपयोगी पडते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने आधी डॉक्टरला विचारावे. आणि एकाच पकडीत दीर्घ काळ मूठ आवळून राहिल्यावर येणारा पेटका मिठाने जात नाही, मूठ सोडण्यानेच जातो.

सुशिक्षित डॉक्टरांचे उत्तरही तपासायला हवे. ‘महिनाभर आराम करा’ हा सल्ला चूक नाही, पण फुलपाड्यातल्या बहुतेकांना तो पाळता येत नाही. खाडा झाला की पगार कापला जातो, नगावरच्या बाईला एक नग कमी म्हणजे तेवढे पैसे कमी, आणि घरकाम करणारीने महिनाभर सुट्टी घेतली तर काम दुसरीकडे जाते. जो सल्ला पाळणे शक्य नाही, तो ऐकून रुग्ण पुन्हा येत नाही. त्याऐवजी कामच बदलण्याचे मार्ग सांगितले पाहिजेत. रात्री मनगट सरळ धरून ठेवणारा स्प्लिंट लावून झोपण्यासाठी एकही खाडा लागत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात महिना-दीड महिना नेमाने लावला तर त्याने अनेकांना फरक पडतो. पकड मजबूत हवी असेल तर मनगट सरळ किंवा किंचित मागे असायला हवे, वाकलेल्या मनगटात मूठ कमकुवत होते आणि तेच काम जास्त जोराने करावे लागते. सळईच्या आकड्याची बारीक मूठ तळहातात रुतते. तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तीन-चार सेंटिमीटर जाडी आणली तर बोटांवरचा ताण कमी होतो. बोथट कात्री किंवा कटर दुप्पट जोर मागते, म्हणून धार लावणे हा वैद्यकीय उपाय आहे. चादर किंवा जीन्स मनगटाने पिळण्यापेक्षा नळाला अडकवून ओढून, किंवा दाबून निथळू देऊन पाणी काढावे. भरलेली बादली एका हाताने उचलू नये.

अवजार बदलल्याने शरीर वाचते याचे उत्तम उदाहरण कोकणातच आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा दातेरी पात्यामुळे कमी जोराने कापतो आणि त्याला सारखी धारही लावावी लागत नाही. माथाडी कामगारांनी पोत्याचे वजन 50 किलोवर आणण्याची मागणी लावून धरली ती याच विचाराने. पाठ बदलता येत नाही, पोते बदलता येते. गाळ्यात पॅकिंगवरचा माणूस दोन तासांनी तपासणीच्या टेबलावर जाईल अशी अदलाबदल करायला मालकाला एक रुपयाचा खर्च येत नाही. तरी ती होत नाही, कारण दुखणे हा कामगाराच्या शरीराचा प्रश्न मानला जातो, कामाच्या आखणीचा नाही.

कामालाच सर्वस्वी दोष देणे हाही धोका आहे, आणि पालघर जिल्ह्यात तो विशेष मोठा. मधुमेहात आणि बी-12 च्या कमतरतेत मुंग्या बहुधा पायांपासून सुरू होतात आणि दोन्ही बाजूंना येतात. रक्ताच्या तपासणीने त्या ओळखता येतात. याहून महत्त्वाचा कुष्ठरोग. महाराष्ट्रातल्या जास्त रुग्ण असलेल्या जिल्ह्यांत पालघरची गणना होते. डिसेंबर 2005 अखेर देशपातळीवर कुष्ठरोग हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नव्हता, असे जाहीर झाले, पण रुग्ण संपले नाहीत. करंगळीकडचा बधिरपणा, कोपरामागे जाड लागणारी नस, अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा, वाकू लागलेली बोटे ही त्याची लक्षणे. गरम कढई धरल्यावर चटका न कळणे हे कामाचे लक्षण नव्हे. सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार मोफत मिळतो आणि आजाराच्या प्रकारानुसार तो सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो. ‘कामाने मुंग्या येतात’ असे म्हणत एखाद्याने वर्ष घालवले तर वाकलेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवणे बंधनकारक असलेले 29 आजार होते. शिसे, पारा, सिलिकोसिस, आवाजाने येणारे बहिरेपण, सगळे होते, पण मनगट, कंडरा, कंपन यांपैकी काहीही नव्हते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2010 च्या यादीत मात्र हे सारे नावानिशी आहे. मनगटातला चेपलेला मज्जातंतू, अंगठ्याच्या कंडरांची सूज, कोपराचे दुखणे आणि कंपनाने होणारी इजा, सर्व व्यावसायिक आजार म्हणून. आपल्याकडच्या यादीत नसल्याने आजार नाहीसा होत नाही, नुकसानभरपाईची वाट तेवढी बंद होते. कारण 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्यानुसार त्या कायद्याच्या यादीबाहेरच्या आजाराला एखाद्या अपघाती इजेशी थेट जोडून दाखवावे लागत असे, आणि हळूहळू चेपल्या जाणाऱ्या मज्जातंतूला अपघाताची तारीख नसते. तरीही जे मिळू शकते ते सोडू नये. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत 21,000 रुपयांपर्यंत मासिक वेतन असणाऱ्याला कर्मचारी राज्य विमा लागू होतो. अंशदानाची अट पूर्ण असेल तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. म्हणजे आरामाचा जो सल्ला अशक्य वाटतो, तो हजेरीपटावर नाव असलेल्याला काही प्रमाणात परवडू शकतो. ठेकेदाराच्या वहीत राहिलेल्या नावाला तो परवडत नाही, आणि घरी नगावर काम करणाऱ्या बाईला तर मुळीच नाही. गृहाधारित कामगारांविषयीचा 1996 चा आंतरराष्ट्रीय करार भारताने अजून मान्य केलेला नाही.

कायदा बदलायला वर्षे लागतील, पण त्याआधी करण्याजोगी एक गोष्ट वसई-विरारच्या दवाखान्यांच्या हातात आहे. वसईच्या सर डी. एम. पेटिट रुग्णालयात, नालासोपाऱ्याच्या तुळिंज रुग्णालयात आणि प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात हात दुखतो म्हणून येणाऱ्याच्या केसपेपरवर तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात : तो कोणते काम करतो, दिवसात किती तास, आणि कोणती बोटे बधिर होतात. रुग्णांनीही न विचारता त्या सांगाव्यात.